बर्फात ठेवलेली लस

चौदा नोव्हेंबर. बोंबील वाळत घालायचे होते. आमच्या रेवदंड्याच्या किनाऱ्यावर बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या असतात. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. ऊन चढायच्या आत हे काम उरकावं लागतं. माझा मुलगा ओंकार टोपली धरून समोर उभा होता. आठवडाभर त्याला अन्न जात नव्हतं, सारखं मळमळत होतं, आणि पित्त झालं असेल म्हणून मी त्याला लिंबाचं सरबत पाजत होते. त्या सकाळी तो पहिल्यांदाच उन्हात माझ्यासमोर उभा राहिला आणि मला त्याचे डोळे दिसले. पिवळे.

"टोपली खाली ठेव," मी म्हटलं. "लघवी कशी होते?"

"काळ्या चहासारखी. झाले चार-पाच दिवस."

चार-पाच दिवस काय झोपला होतास, असं मी त्याला विचारलं. पण त्याच वेळी हातही धुतले. उरलेले बोंबील शेजारणीच्या हवाली केले.

शेजारीण म्हणजे सुलभा. आमच्या घरांची भिंत एकच. तिचा मुलगा प्रीतम माझ्या नवऱ्याच्या बोटीवर खलाशी आहे. आम्ही कपडे बदलेपर्यंत ती काविळीच्या मुळीची माळ घेऊन आली. आमच्याकडे ही माळ डोक्यावर ठेवतात. माळ मोठी होत गळ्यात उतरली की कावीळ उतरली, असा समज. माळेबरोबर तिने ताकीदही दिली.

"डॉक्टरकडे ने, मी नाय बोलत नाय. पन सुई मारू देव नको. काविळीच्या मानसाला सुई लागली का मानूस गेला."

हे आमच्या कोळीवाड्यात सगळेच मानतात. मीही तेव्हा मानत होते. म्हणून मी ओंकारच्या डोक्यावर माळही ठेवली आणि अलिबागला जायला रिक्षाही बोलावली.

हे मी लिहिते आहे ते कुणाची कीव मिळवायला नाही. किनाऱ्यावरच्या इतर आया-बापांनाही कधीतरी हा दिवस दिसेल. त्यांना माझ्याइतका वेळ वाया घालवावा लागू नये, एवढाच हेतू.

अलिबागच्या रुग्णालयात एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं आणि रक्त काढायला सांगितलं. सुई बघून मी पुढे झाले. "काविळीत सुई चालते का?"

"बाई, रक्त काढल्याशिवाय मला कळणार कसं?" त्या म्हणाल्या. "कावीळ हा आजार नाही, आजाराची खूण आहे. आजार कुठला ते शोधायचंय."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. बिलीरुबिन वाढलेलं होतं. बिलीरुबिन म्हणजे रक्तातला पिवळा अंश, तो साठला की डोळे आणि कातडी पिवळी होते. एसजीपीटी खूपच वाढलेलं होतं. यकृताच्या पेशी दुखावल्या की हे रक्तात उतरतं, म्हणजे ते जितकं जास्त तितकी सूज जास्त. आणि शेवटी एचबीएसएजी नावाची तपासणी, तिच्यापुढे पॉझिटिव्ह लिहिलेलं.

"हिपॅटायटिस बी," मॅडम म्हणाल्या. "बी नावाच्या विषाणूमुळे यकृताला सूज आली आहे. पाण्यातून होणारी कावीळ वेगळी. ही रक्तातून येते." मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. "मला याच्याशी एकट्याशी बोलायचंय."

बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते मला हरिहरेश्वरला नवस बोलायला सांगत होते. मी हो हो म्हणत होते आणि दाराकडे बघत होते. रक्तातून म्हणजे कशातून? ओंकारला रक्त कधी चढवलं नव्हतं. दाढीचं ब्लेड? मनाला जे सोयीचं होतं तिथपर्यंतच मी पोचले.

दार उघडलं आणि ओंकारनेच हाक मारली. "आई, ये आत." त्याने शर्टाची बाही वर केली.

मी मासे कापणारी बाई आहे. काट्याची जखम, जाळ्याच्या दोरीची जखम, कोयत्याची जखम मला बघताक्षणी ओळखता येते. कोपराच्या आतल्या बाजूला शिरेवरून ओळीने गेलेले ते काळे ठिपके यांपैकी कशाचेच नव्हते.

"पावडर आहे," तो म्हणाला. "पनवेलला कंपनीत होतो तिथे सुरू झाली. आधी ओढायचो. मग सुईने."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मॅडमनी हात वर केला. "रागवायचं ते नंतर रागवा. त्याने स्वतःहून तुम्हाला आत बोलावलंय, हे लक्षात ठेवा." मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "सुई कोणाबरोबर वापरलीस? मला नावं नकोत. पण तुला माहीत आहेत. त्यांना जाऊन सांग. लागण झाली नसेल तर लस आहे. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. तीन पूर्ण झाले की सहसा जन्मभराचं संरक्षण. तुला ती मिळाली असती तर आज तू इथे नसतास."

ही लस हल्ली बाळांना जन्मतःच देतात. ओंकारच्या वयाची पोरं जन्मली तेव्हा ती सगळीकडे पोचली नव्हती. पुढे मोठी झाल्यावर कुणी त्यांना विचारलं नाही. हे मला तिथे कळलं.

पुढचे दिवस वॉर्डात गेले. या आजारावर सुरुवातीला खास औषध असं नसतं. मोठ्या माणसाचं शरीर बहुतेक वेळा विषाणूला स्वतःच हटवतं. डॉक्टरांनी फक्त लक्ष ठेवायचं, यकृताने हात टेकले तर नाहीत ना. त्यासाठी पीटी-आयएनआर ही तपासणी पुन्हा पुन्हा करतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते त्यात कळतं. रक्त गोठवणारा पदार्थ यकृत बनवतं, तेव्हा वेळ वाढत गेला की समजायचं यकृत थकलं. मला काम एकच दिलं होतं. तो असंबद्ध बोलायला लागला, दिवसा फार झोपायला लागला, हात फडफडायला लागले, तर ताबडतोब सिस्टरना हाक मारायची. मी त्याला अधूनमधून आज वार कुठला ते विचारायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, "आई, वार मला ठाऊक आहे, तुलाच सारखं विसरायला होतंय." तेव्हा जरा बरं वाटलं.

शिवाय पावडर अचानक सुटल्यामुळे अंग मोडून येणं, घाम, जुलाब, झोप नाही. वॉर्डातल्या लोकांना वाटायचं सगळं काविळीचंच आहे. त्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांनी येऊन औषधं दिली आणि पुढे नवी मुंबईच्या व्यसनमुक्ती ओपीडीत पाठवलं. तिथे जिभेखाली ठेवायची एक गोळी मिळते. ती घेतली की तलफ आटोक्यात राहते, सुईची गरज लागत नाही. ही गोळी तो अजून घेतो. मध्ये एकदा घसरलाही होता. व्यसन एका झटक्यात सुटतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि घसरला म्हणून दार लावून घेऊ नका.

हळदीबद्दलही सांगते, कारण कावीळ झाली की घरोघरी हळद बंद करतात. डोळे पिवळे होतात ते हळदीने नव्हे. मॅडम म्हणाल्या, हळद घाला, मासे द्या, भात द्या, फक्त दारूचा थेंब नको आणि विचारल्याशिवाय कुठलीही गोळी नको. ताट वेगळं काढायचीही गरज नाही. ब्लेड आणि दात घासायचा ब्रश मात्र ज्याचा त्याला. माझं आणि नवऱ्याचं रक्त तपासलं, दोघांनाही लागण नव्हती. आम्हाला पहिला डोस तिथेच टोचला.

घरी आलो आणि ओंकारने दोन नावं सांगितली. एक नदीम, अलिबाग-रेवदंडा रिक्षा चालवणारा. आणि दुसरा प्रीतम. सुलभाचा.

माझा नवरा फार बोलत नाही. तो उठला आणि म्हणाला, "उद्यापासून प्रीतम बोटीवर नको." मलाही तेच पाहिजे होतं. माझ्या चांगल्या पोराला या दोघांनी नासवलं, असा हिशोब माझ्या डोक्यात पक्का झाला होता. मरू देत तिकडे, लस-बिस काय ते बघून घेतील.

ओंकार भिंतीला टेकून बसला होता. डोळे अजून पिवळेच होते. "त्यांनी मला नाही दिली," तो म्हणाला. "मी दिली त्यांना. सुट्टीला घरी आलो तेव्हा मीच घेऊन आलो होतो. प्रीतम नको म्हणत होता."

नवरा परत खाली बसला. मग मीच म्हटलं, "प्रीतमला बोटीवर राहू दे. निदान तो कुठे आहे ते तरी कळेल."

तर आता प्रश्न असा होता. माझ्या मुलाचा विषाणू कदाचित त्या दोघांत गेला होता, कदाचित अजून गेला नव्हता. गेला नसेल तर अडवता येत होता. त्यासाठी दोन पोरांच्या दंडात तीन-तीन वेळा लस जायला हवी होती. मला वाटलं, यात काय अवघड आहे? सांगायचं, न्यायचं, टोचायचं.

जेटीच्या टोकाला दोघे बसले होते. मला बघून नदीम उठून उभा राहिला.

"काकी, पोलिसात तर नाय ना जाणार?"

"पोलिसात जाऊन मला काय मिळणार आहे? बस खाली." मी जे मॅडमनी सांगितलं ते सगळं सांगितलं. आपल्या आरोग्य केंद्रात रक्त तपासायचं, मग लस.

प्रीतम खाडीकडे बघत म्हणाला, "मना काय झायलं नाय. डोळं बघ, पांढरं हायत."

"ओंकारचे पण आधी पांढरेच होते."

"आनि केंद्रावर बाळांचा लसीचा दिवस असतो तवाच टोचतात. सगल्या बाया पोरांना घेवन रांगेत. त्यांच्यात मी उभा राहू? दुसऱ्या दिवशी सगला कोळीवाडा इचारल, प्रीतम कशाला रांगेत व्हता?"

"टॉनिकचं इंजेक्शन म्हणून सांग."

"काकी, मना सुईची भीती वाटते," तो म्हणाला.

नदीम खो खो हसला. "साला रोज स्वतःला टोचतो आणि बोलतो सुईची भीती!"

"ती येगली," प्रीतम चिडून म्हणाला. "ती मी मारतो. ही दुसरं कोन मारनार."

मला आधी हे नाटक वाटलं. पुढे मॅडमना विचारलं तर त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अशी मुलं दवाखान्याला घाबरतात, सुईला नाही. आत गेलं की बाही वर करायला लावतात, बाही वर गेली की माणूस उघडा पडतो. त्यांना सुई दिसत नाही, आपल्याकडे बघणारी तोंडं दिसतात, सिस्टरची, रांगेतल्या बायकांची. मला ते पटलं.

आणि सुलभा होतीच. तिला खरं कारण माहीत नव्हतं. प्रीतम तिला सांगू देत नव्हता, आणि त्याचं गुपित मी फोडायचं नाही असं मॅडमनी मला बजावलं होतं. तो सज्ञान आहे, सांगायचं तर तो सांगेल. पण मी प्रीतमला कुठल्याशा इंजेक्शनला नेते आहे एवढं तिच्या कानावर गेलं. ती अंगणातूनच ओरडली, "तुझ्या घरात कावीळ, नि माज्या पोराला सुई? आमच्यावर ढकलतंस काय गं?" त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. भिंत एक आणि अबोला. भांड्यांचा आवाज तेवढा दोन्हीकडून मोठा झाला.

आता माझी करामत सांगते.

आमच्या आरोग्य केंद्रात तेव्हा बाळांचीच लस होती, मोठ्यांची नव्हती. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, वरून मागवू, वेळ लागेल. मला वेळ घालवायचा नव्हता. बाळांची रांग नसेल त्या दुपारी यायला पोरं कशीबशी तयार झाली होती. मी अलिबागला मासळी विकायला जातेच, तेव्हा तिथल्या मेडिकलमधून दोन डोस विकत घेतले. दुकानदार म्हणाला, "थंड ठेवा हं." थंड कसं ठेवायचं हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आयुष्य बर्फात गेलंय. पापलेट सकाळी धरलेलं संध्याकाळी डोळा चमकत ठेवून विकते मी. माझ्या पेटीत बर्फ कुटला, वर मीठ मारलं, कारण मिठाने बर्फ आणखी कडक थंड होतो, आणि दोन्ही बाटल्या त्या बर्फात खोल पुरल्या.

दुपारी केंद्रावर पोचले. नदीम रिक्षा लांब उभी करून आला होता. प्रीतम तोंडाला रुमाल बांधून आला होता. सिस्टरनी दोघांच्या बोटातून थेंब घेऊन झटपट तपासणी केली. दोघांनाही लागण नाही.  मग सिस्टरनी बाटली हातात घेतली, हलवली, उजेडात धरली. पुन्हा हलवली.

"काकी, ही कशात आणलीत?"

"बर्फात. मीठ मारून. टणक थंड आहे, हात लावून बघा."

त्यांनी बाटली माझ्यासमोर धरली. आत पांढरे कण तरंगत होते, नासलेल्या दुधासारखे, आणि हळूहळू खाली बसत होते. "ही लस थंड ठेवायची असते, गोठवायची नसते. एकदा गोठली की मेली. आता टोचली तर दंड दुखेल, संरक्षण काही मिळणार नाही." मग म्हणाल्या, "मासळी नाही हो ही."

दोन्ही बाटल्या त्यांनी टाकून दिल्या. नदीमला हसू आवरेना. "काकीनी लसीचं पापलेट केलं!" प्रीतम हसला नाही. त्याने रुमाल पुन्हा बांधला आणि "बोट लागतेय" एवढं बोलून निघून गेला. बोट वगैरे काही लागत नव्हती, ती माझ्याच नवऱ्याची बोट.

त्याला परत आणणं हे खरं काम होतं, आणि ते माझ्या हातून निसटलं होतं.

मी सिस्टरसमोर बसले आणि म्हटलं, आता तुम्ही सांगा, मी ऐकते. त्यांनी मेडिकल ऑफिसरना सांगून मोठ्यांच्या डोसची व्यवस्था केली. लसीच्या खास पेटीतून, जसे आणायला हवेत तसे ते डोस अलिबागहून आले. मग प्रश्न उरला दिवसाचा. बाळांच्या लसीच्या दिवशी प्रीतम समुद्रावर असायचा, आणि नसला तरी रांगेत उभा राहिला नसता.

इथे मात्र मला सांगण्यासारखं काही होतं. आमची बोट डोल जाळ्याची. डोल म्हणजे खुंटाला बांधलेलं पिशवीसारखं जाळं, ती लावायची तर पाण्याला ओढ लागते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जोरात, तेव्हा बोटी बाहेर. अष्टमीच्या आसपास पाणी सुस्त पडतं, त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगाला डोलवाले सगळे घरी. जाळी शिवतात, झोपतात, आणि हाताला काम नसतं म्हणून नको त्या गोष्टीही तेव्हाच करतात. सिस्टर मूळच्या म्हसळ्याच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

"तुमची तारीख त्याच्या लक्षात राहायची नाही," मी म्हटलं. "भांग त्याला झोपेतही कळतो. एका अष्टमीला पहिला द्या, पुढच्या महिन्याच्या त्याच अष्टमीला दुसरा. महिन्याचा हिशोब आपोआप होतो."

त्यांनी कॅलेंडर उलटून बघितलं. "एक-दोन दिवस इकडेतिकडे झाले तर चालतं. बाळं गेल्यावर, तीननंतर या. मागच्या दाराने या."

सांगायला मी गेले नाही. ओंकारला पाठवलं. तोपर्यंत त्याच्या डोळ्यांतलं पिवळं ओसरलं होतं, पण अंगावर कपडे लोंबत होते. तो बोटीजवळ जाऊन काय बोलला मला माहीत नाही. त्याला बघूनच प्रीतमला जे समजायचं ते समजलं असावं. अष्टमीला तीन वाजता दोघेही मागच्या दाराशी होते. सिस्टरनी पूर्ण बाही वर करायला सांगितलंच नाही, गळ्याकडून शर्ट उतरवून खांद्याजवळ टोचलं. प्रीतमने डोळे घट्ट मिटले होते.

"झालं?" त्याने विचारलं.

"झालं. एवढ्यासाठी मला इतकं फिरवलंस," मी म्हटलं.

सिस्टरनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. सुटेल तेव्हा सुटेल, पण तोपर्यंत दुसऱ्याची सुई नको. ही लस फक्त बीला अडवते. सी नावाचा आणखी एक विषाणू आहे, एचआयव्ही आहे, त्यांना लस नाही. त्यांनी हे चढ्या आवाजात सांगितलं नाही. म्हणूनच पोरांनी ऐकून घेतलं असावं.

दुसरा डोस पुढच्या महिन्याच्या भांगाला झाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये रक्त पुन्हा तपासलं, कारण लागण ताजी असेल तर पहिल्या तपासणीत ती दिसत नाही. दोघेही स्वच्छ निघाले. मे महिन्यात ओंकारचीही तपासणी झाली. एचबीएसएजी निगेटिव्ह. त्याच्या शरीराने विषाणू हटवला होता. सहा महिन्यांनंतरही ते पॉझिटिव्ह राहिलं असतं तर आजार मुरला असं धरतात, मग गोळ्या आणि आयुष्यभर तपासण्या. आम्ही वाचलो. मॅडमनी हात मिळवला. मी त्यांच्यासाठी सुके बोंबील नेले होते, ते त्यांनी घेतले नाहीत. मग वॉर्डातल्या मावशींना दिले.

जूनमध्ये मासेमारी बंद होते. बोटी वर ओढल्या, ताडपत्र्या टाकल्या. तिसरा डोस त्याच महिन्यात होता. नदीम आला, टोचून गेला, जाताना म्हणाला, "बर्फात नाय ना ठेवली?" मी त्याला बाहेर घालवलं.

प्रीतम आला नाही. बंदीच्या दिवसांत खलाशांना काम नसतं, तो पनवेलकडे मजुरीला गेला होता. ओंकार बिघडला त्याच भागात. फोन बंद. जुलै गेला. सुलभाला विचारावं तर अबोला. मी मॅडमना फोन केला की आता सगळं पहिल्यापासून करावं लागणार का. त्या म्हणाल्या, "नाही. दोन डोस वाया जात नाहीत. तिसरा उशिरा झाला तरी होतो. फक्त तो झाला पाहिजे. ज्यांचे दोनच होतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचं काम अर्धवट राहतं." फोन ठेवल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. पोरगा आहे कुठे, हेच माहीत नव्हतं.

पण कोळ्याचं पोर कुठेही गेलं तरी नारळी पौर्णिमेला घरी येतं. समुद्राला नारळ देऊन बोटी पुन्हा पाण्यात घालायच्या असतात, त्यात खलाशी नसेल तर त्याची जागा दुसऱ्याला जाते. मी त्या सणावरच भरवसा ठेवला. सिस्टरना सांगून ठेवलं, पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस आधी एक डोस ठेवा.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी प्रीतम दुपारी बोटीला रंग देताना दिसला. बारीक झाला होता. मी काही विचारलं नाही.

"चल," मी म्हटलं.

"रंग सुकतोय, काकी."

"रंग तुझ्याशिवाय सुकतो. चल."

तो हात पुसत मागून आला. वाटेत म्हणाला, "तुझा झायला तिसरा?"

"मे महिन्यातच. तुझी वाट बघत बसले नव्हते मी."

सिस्टरनी मागचं दार उघडलं. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. टोचून झाल्यावर तो स्टुलावर बसून राहिला. म्हणाला, "सिस्टर, ती गोली, ओंकार खातो ती, मना कुठं मिलल?" सिस्टरनी ओपीडीचे दिवस सांगितले. ओंकार पुढच्या आठवड्यात जाणार होता, त्याच्याबरोबर जा म्हणाल्या. मग त्याने मला विचारलं, "आयसला सांगू काय?"

मी म्हटलं, ते मी सांगू शकत नाही. तुझी आई आहे.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून आधी बोलण्याचा आवाज आला, मग सुलभाच्या रडण्याचा. नवरा माझ्याकडे बघत होता. मी भाकऱ्या थापत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी वाजली. दारात सुलभा. केस विंचरलेले नव्हते. नऊ महिन्यांनी ती माझ्या उंबऱ्यावर उभी होती, आणि ती भांडायला आली असेल तर भांडू देऊ असं मी ठरवलं होतं. ती भांडली नाही.

"तो मरल काय गं?"

"नाही. त्याचे तीनही डोस झालेत. काल तिसरा."

ती चौकट धरून उभी राहिली. "तुना सगलं ठावं व्हतं. मी तुना काय काय बोलली, नि तू गप रायलीस."

"तोंड मलाही आहे. पण गोष्ट त्याची होती."

 मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "एकाच घरात राहतो आमी. त्याचं ब्लेड, माजी कापलेली बोटं, सगलं एकच. मना पन तपासून घ्यायला लागल ना? सुई मारतील?"

"आधी बोटातून एक थेंब. मग लागली तर सुई."

"तू येशील?"

गॅसवर चहा होता. मी गॅस बंद केला, चपला पायात घातल्या आणि तिच्याबरोबर केंद्रावर गेले. पुढच्या दाराने.